एक मिनिट बारा सेकंद

रोझिक्लेया, फोन जरा पालथा ठेव.
आलेख बघून बघून डोळे तांबारलेत तुझे.
एक मिनिट बारा सेकंदांवर लोक गाणं सोडून जातात,
असं तो सांगतो. बरं.
का जातात, ते सांगतो का?

बस. त्या फुटक्या स्पीकरवर बसलीस तरी चालेल,
त्याचा पडदा परवाच काढलाय मी.
एवढा एक डाख देऊन होऊ दे, मग बोलू.
नाही, बोलूच. हात त्यांचं काम जाणतात.

आमच्या वेळी आकडे नव्हते असं समजू नकोस.
बेलेमच्या बाजारात सीडी विकणारी दोना ईवानिल्डे
मासळीच्या वासाची बोटं मोडत सांगायची,
सतरा गेल्या तुझ्या, वाल्देनोर,
तीन परत आल्या,
एकीवर असाईचा जांभळा डाग, ती मी मोजत नाही.

माझं स्वतःचं पहिलं गाणं मी ग्वामापलीकडच्या बेटावर लावलं,
खांबांवर उभ्या नाचघरात.
चार महिन्यांची मेहनत, होडीतून नेलेली बारा खोकी,
जनरेटर भाड्याचा.
दुसरं कडवं सुरू झालं
आणि माणसं निघाली.
आधी बायका, चपला हातात घेऊन,
मग पोरं, मग ज्यानं मला बोलावलं होतं तोसुद्धा.
मी आवाज वाढवला.
आणखी वाढवला.
पत्र्यावरच्या पाली खाली पडल्या, माणूस एक थांबला नाही.

म्हणजे एक थांबला. ओस्मारिनो नावाडी,
कठड्याला टेकून.
मी विचारलं, इतकं वाईट आहे?
तो म्हणाला, ओहोटी लागली, पोरा.
अर्ध्या तासात खाडीत नुसता चिखल उरेल, होड्या रुततील.
माझी रुतलीच. आता पहाटेपर्यंत इथेच.
आवाज कमी कर, मला झोपायचंय.

केला कमी.
डासांच्या आवाजाइतका.
आणि तेव्हा, चार महिन्यांत पहिल्यांदा,
मला कळलं की माझ्या बहिणीचा गळा
त्या ढोलाखाली गाडला होता मी.
मार्लुसिया गातेय, आणि कुणालाच ऐकू येत नाहीय.
तिनं कधी तक्रार केली नव्हती.

हे तुला का सांगतोय, ते मलाही नीटसं माहीत नाही.
आकडा बघ, पण ओहोटीची वेळही विचार.
नवं गाणं केलंस की मच्छीवाल्याच्या भिकार फोनवर लाव,
तिथे टिकलं तर कुठेही टिकेल.
ऐकणारे आता ठोक भावानं मिळतात म्हणे,
हजाराच्या गठ्ठ्यानं, रात्रीतून.
घेऊ नकोस. नाचताना त्यांचा घाम येत नाही.
सहीला कागद आला तर माझ्या मेव्हणीकडे ने,
नोटरीच्या कचेरीत असते, बारीक अक्षरं वाचून चिडते,
तिची चीड तुला उपयोगी पडेल.
खोकी उचलणाऱ्याला आधी पैसे दे, मग स्वतःला.
आणि गाणी दोन ठिकाणी जपून ठेव.
माझ्या मशीनमध्ये मुंग्यांनी घर केलं,
सहा वर्षांचं काम गेलं, राणीमुंगी सापडली.

कानात बोळे घालत जा. हसू नकोस.
माझ्या डाव्या कानात अठ्ठ्याण्णवपासून
एकच सूर वाजतोय, थांबतच नाही.
जेवताना वाजतो. मार्लुसियाला पुरलं तेव्हाही वाजत होता.

बरं, झाला डाख. वायर दे इकडे.
लाव तुझं गाणं. हळू. अजून हळू.
पाऊण मिनिट... ही तार छान घेतलीस.
एक मिनिट...
थांब. मागे घे.
हे काय, कुत्रा?
तुमच्या गल्लीतला, तो एका कानाचा?
खिडकी उघडी होती म्हणतेस.

त्याच्यामुळे जातात की काय, कोण जाणे.
राहू दे त्याला.
पुन्हा लाव.